आईच्या तोंडाला टोस्टचा वास

आईच्या तोंडाला टोस्टचा वास येत होता.

तुमच्या घरात येत असेल तर येऊ दे, कुणी ढुंकून बघणार नाही. आमच्या घरात तो फौजदारी गुन्हा होता. कारण आमच्या घरात टोस्ट नव्हता. पाव नव्हता, बिस्किट नव्हतं, आणि केकचा तर फोटोही नव्हता, कारण तो बघून भिंगरी भोकाड पसरायची.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. नुकती शाळेत जायला लागली आहे, एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. गव्हात ग्लूटेन नावाचं जे काही असतं ते तिच्या आतड्यांना सोसत नाही. कणभर पोटात गेलं तरी पोट फुग्यासारखं टम्म होतं, मग जुलाब, मग चिडचिड, आणि शेवटी ती कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून गप्प पडते. भिंगरी गप्प पडली की आमचं सगळं घर कुजबुजत बोलायला लागतं.

भिंगरीच्या पाठचा बटण. ते आमचं बाळ. अजून फक्त आईच्या दुधावर आहे, आणि दिवे लागले की गळा काढून रडतो.

आता आत्याचं म्हणणं असं, की भिंगरीच्या वेळी पोटुशी असताना आईने पावावर पाव हाणले, म्हणून भिंगरीला हे झालं. आणि बटणाला पाजताना तिने गहू खाल्ला तर तो दुधातून उतरून त्याचंही तेच होणार. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आईला स्वच्छ सांगितलं होतं, की तुम्ही गरोदरपणी गहू खाल्लात म्हणून हिला हे झालं असं नाही, आणि पाजताना तुम्ही गहू सोडायची गरज नाही. आईने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

आत्या म्हणाली, "त्या बाईंना स्वतःची मुलं किती?"

"ते मी नाही विचारलं, वन्सं."

"मग विचारायचं होतंस."

विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

मग तह झाला. बटण अंगावर पितोय तोवर आईने गहू तोंडात घालायचा नाही. घातला, तर बटण डब्यावर. डबा म्हणजे बाळाच्या दुधाच्या पावडरीचा. आत्याने तो आणूनही ठेवला होता, स्वयंपाकघरातल्या फळीवर, अगदी मधोमध. आई कांदा चिरताना मान वर करायची ती थेट त्या डब्याकडे.

आणि आईला बटणाला पाजायचंच होतं. भिंगरीच्या वेळी ती आजारी पडली आणि पाजणं लवकर सुटलं. ती त्याबद्दल कधी बोलत नाही. पण बटणाला घेऊन खिडकीशी बसली की तिचा चेहरा असा काही होतो, की मीसुद्धा खोलीत शिरताना दार हळू लोटते. आणि मी दार हळू लोटणाऱ्यांतली नाही.

मी कुणातली ते सांगते. यंदा मला कंठ फुटला आहे. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी माझी बोबडी वळायची. मग विज्ञानाच्या बाईंनी मला प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या, आणि काय झालं कोण जाणे, आता मी मुख्याध्यापकांनाही "पण सर, पुरावा काय?" असं विचारते. बाबा मला फौजदारीणबाई म्हणतात. ते चिडवायला म्हणतात, पण मला आवडतं.

तर अशा मुलीच्या नाकाला हा वास आला. आई बाहेरून आली होती, बटण तिच्या छातीशी बांधलेला. मी त्याचा पापा घ्यायला वाकले आणि वरून आईचा श्वास आला. भाजलेला, खमंग, करपायच्या जरा अलीकडचा.

"कुठे गेली होतीस गं?"

"दोरा आणायला. बाबांचा मेणाचा दोरा संपलाय."

"मग आणलास?"

"दुकान बंद होतं."

मी त्याच रस्त्याने शाळेतून आले होते. दोऱ्याचं दुकान सताड उघडं होतं आणि दुकानदार दारात बसून कान कोरत होता.

चांगला फौजदार लगेच बोलत नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं बाइंडिंगचं दुकान. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, कॉलेजचे प्रबंध, कचेऱ्यांच्या फायली, सगळं इथे येतं आणि पाठ ताठ करून परत जातं. एका भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, मधे लांबलचक टेबल, आणि टेबलाखाली कागदाच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग. त्या ढिगात भिंगरीचं राज्य. ती तिथे बसून मुकुट करते. स्वतःला, बाहुलीला, बटणाला, एकदा तर शेजारच्या मांजरीला.

शिलाई बाबांची, आणि खळ आत्याची. सकाळचा चहा उतरला की त्याच शेगडीवर आत्या पुस्तकं चिकटवायची खळ शिजवते. लाकडी डाव एका हाताने गरगर फिरवत राहते, दुसरा हात कमरेवर. तिच्या खळीत गाठ सापडणं अशक्य. पूर्वी ती त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, म्हणजे पुस्तकाला कीड लागत नाही. पण भिंगरी टेबलाखाली बसायला लागली तसं तिने ते बंद केलं. बाबा म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकांची पुस्तकं किडतील."

"किडू देत," आत्या म्हणाली. "विष आहे ते. पोर सारखी हात तोंडात घालते."

म्हणजे आत्या वाईट आहे असं समजू नका. भिंगरीचं दुखायला लागलं की तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या कोण घालतं? आत्याच. फक्त आत्याला एखादी गोष्ट वाटली की ती वाटत नाही, ती असतेच.

आणि त्याच आठवड्यात भिंगरीचं पोट पुन्हा फुगलं.

खरं तर ते महिनाभर अधूनमधून फुगतच होतं. आता मात्र ती कोपऱ्यात जाऊन पडली. आई आणि आत्या दोघी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. रक्त तपासलं. परत आल्या तेव्हा दोघी एकमेकींकडे न बघता आल्या.

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"म्हणाल्या, गहू जातोय हिच्या पोटात," आत्या म्हणाली. "कुठून तरी जातोय म्हणे. घरात शोधा. कुठून जातोय ते मला काय शोधायला नको."

"वन्सं, मी घरात एक कण..."

"घरात नसशील आणत."

बाबा पुठ्ठ्याची कड पुन्हा पुन्हा घासत राहिले, जशी काही ती घासायची राहिली होती.

"कपड्यांना लागून येतो चुरा," आत्या म्हणाली. "हातांना लागतो. त्याच हाताने पोरीला भरवायचं, आणि तेच दूध बाळाला. म्हणून रडतंय ते पण. हे बघ, मी तुला नाव ठेवत नाही. पण रविवारपर्यंत भिंगरी उठून बसली नाही, तर बटण डब्यावर. आणि तू," हे मला, "तुझे डोळे उघडे ठेव. फार शहाणी झाली आहेस ना?"

आई माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला कळली नाही. ती घाबरली होती, पण कशाला? डब्याला, की मला?

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून सुटले ती घरी न जाता दोऱ्याच्या दुकानासमोर उभी राहिले. आई आली. बटण छातीशी. ती दुकानासमोरून सरळ पुढे गेली, लाँड्रीच्या मागच्या गल्लीत वळली, तिथल्या बाकावर बसली, पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि टोस्ट खायला लागली.

मजेत खात होती असं म्हणता येणार नाही. औषध घ्यावं तशी खात होती. मन लावून, पुढे वाकून, म्हणजे चुरा बटणावर पडू नये.

"चोरी पकडली!" मी म्हणाले.

तिला असा ठसका लागला की बटण जागा झाला.

"अगं बाई! जीव घेशील माझा."

"तू तह मोडलास."

"मोडला." तिने ओठ पुसले. "बस इथे. आणि ओरडू नकोस, इथल्या इस्त्रीवाल्या बाईंना सगळं ऐकू जातं."

मी बसले. पण जरा लांब.

"भिंगरीचं निदान झालं तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, की घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, हे रक्तातून येतं," आई म्हणाली. "मी करून घेणार आहे. मी सारखी दमते, तोंड येतं, ते तू बघतेसच. पण त्या तपासणीच्या आधी काही आठवडे गहू खावा लागतो. रोज. गहू सोडला असेल तर असलेला आजारही दिसत नाही."

"मग घरी सांग की."

"सांगितलं ना. तू शाळेत होतीस. वन्सं म्हणाल्या, हे गहू खायचं निमित्त आहे."

"आणि बाबा?"

"बाबा म्हणाले, दोघी जे ठरवाल ते." ती हसली, पण त्यात हसू नव्हतं. "मी इथे खाते, तोंड धुते, नळावर हात धुते, पदर झटकते. घरी चुरा जात नाही. देवाशपथ नाही जात."

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण तोंड धुतेस तर वास कसा आला? आणि दोऱ्याचं खोटं बोलली ती सराईतपणे बोलली. खोटं बोलणारं माणूस एकदा सापडलं की त्याचं खरंही चाचपून बघावं लागतं.

म्हणून मी चाचपलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून दवाखान्यात फोन लावला.

"माझ्या आईला बाईंनी गहू खायला सांगितलंय का?"

"कोण बोलतंय?" पलीकडे नर्स होती. आवाजावरूनच कळत होतं, की ती एका हाताने दुसरंच काहीतरी करते आहे.

"मुलगी."

"पेशंटचं असं फोनवर सांगत नाही आम्ही, बाळा."

"बरं, मग माझ्या आईचं नको. कुठल्याही एका आईचं सांगा. तिची ती तपासणी व्हायची असेल तर तिने गहू खायचा का?"

"खायचा. तपासणी होईपर्यंत सोडायचा नाही."

"आणि ती आई बाळाला पाजत असेल तर?"

"तरी खायचा. पाजण्याशी त्याचा संबंध नाही. बाईंनी कुणाला वेगळं काही सांगितलं असेल तर ते वेगळं."

"आणि बाळ संध्याकाळी रडत असेल तर?"

"ह्या वयात रडतातच गं. फारच वाटलं तर घेऊन या. फोनवर नाही." मग हळूच, "कुठलीही एक आई तुझी फार लाडकी दिसतेय."

मी पैसे द्यायलाही विसरले. औषधवाल्याने हाक मारून थांबवलं.

म्हणजे आईचं खरं होतं. आई सुटली. पण मग भिंगरीच्या पोटात गहू घालत होतं कोण?

माझा संशय आता मोकाट सुटला. मी शाळेच्या मदतनीस बाईंना भिंगरीचा डबा कोण उघडतं ते विचारलं. ती स्वतःच उघडते आणि कुणाचं काही घेत नाही, "फार शिस्तीची आहे हो तुमची." मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, मी तर तिला पाणीसुद्धा तुमच्या आत्याला विचारून देते, बाई! मी बाबांचा खण उपसला. सुया, मेण, चष्मे, आणि तळाशी बिस्किटाचा एक रिकामा कागद.

"बाबा!"

बाबा लाल झाले. "ते जुनं आहे."

"वास ताजा आहे."

"फौजदारीणबाई, दुकानाबाहेर उभं राहून खाल्लं. कागद खिशात राहिला. आत्याला सांगू नका."

घरातला प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपवून काहीतरी खात होता, आणि आजारी पडत होती ती एकटी न लपवणारी. पण बाबाही नव्हते. ते भिंगरीला भरवत नाहीत, आणि त्यांच्या हातांना कायम सरस नाहीतर शाई असते.

रविवार उजाडला. भिंगरी उठून बसली नव्हती. नाही म्हणायला टेबलाखाली जाऊन पडली होती, कारण तिला मुकुट पुरा करायचा होता. मी तिच्यासाठी भाताची पेज घेऊन गेले आणि तिच्याबरोबर जमिनीवरच आडवी झाले.

टेबलाखालून दुकान वेगळंच दिसतं. फक्त पाय दिसतात. आत्याचे पाय स्वयंपाकघरातून आले, वर खळीचं पातेलं टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग आत्याचा हात खाली आला. हातात एक वाटी. वाटीत खळ.

"घे गं राणी. कोमट आहे. चिकटव तुझा मुकुट."

आत्याचे पाय परत आत गेले. भिंगरीने बोट बुडवलं, पट्टीवरून फिरवलं, पट्टी दाबून धरली. आणि उरलेलं बोट चाटलं. अगदी सवयीने. आपण लिहिताना पेन्सिल चावतो ना, तसं.

"भिंगरे," मी म्हणाले, "हे रोज चाटतेस?"

"थोडंसंच. बोटं चिकट होतात म्हणून."

"कसं लागतं?"

ती विचारात पडली. "मऊ," ती म्हणाली.

मी इतक्या जोरात उठले की डोकं टेबलावर आपटलं. तेवढ्यात आतून बटणाचा टाहो आला आणि पाठोपाठ आत्याचा आवाज, "पाणी उकळलंय. आण तो डबा."

मी धावले. स्वयंपाकघरात आई बटणाला उराशी घेऊन भिंतीला टेकून उभी होती. बाबा फळीवरून डबा काढत होते, पण असे, जसा तो फार जड असावा. ओट्यावर नवीकोरी बाटली. शेगडीवर भिंगरीच्या पेजेचं भांडं, आणि पेजेत उभा होता लाकडी डाव. खळीचा.

"आत्या, खळ कशाची करतेस?"

"आत्ता काय मधेच? मैद्याची. नेहमीचीच."

"मैदा कशाचा असतो?"

"गव्हा..."

आत्या तिथेच थांबली.

"भिंगरी बोटं चाटते," मी म्हणाले. "रोज. तू महिनाभर तिला वाटीत काढून देतेस ना, ती. आणि हा डाव बघ. खळीत फिरतो तोच पेजेत फिरतो."

सगळे त्या डावाकडे बघायला लागले. बटणही दम खाऊन थांबला.

"पण ती काय खायची वस्तू आहे?" आत्या म्हणाली. मग पुन्हा, लहान आवाजात, "ती खळ आहे. ती कुणी खातं का?" तिने पेजेतून डाव उचलला आणि कुठे ठेवावा ते तिला कळेना. "मी त्यातलं विष काढलं. तिच्यासाठी मी मोरचूद घालायचं सोडलं."

"माहीत आहे, वन्सं," आई म्हणाली.

"गाठसुद्धा राहू देत नाही मी."

बाबांनी डबा ओट्यावर ठेवला. "ताई, माझ्याही लक्षात आलं नाही. मी रोज त्यात हात घालून बसतो. आयुष्यभर पीठच लावत आलोय पुस्तकांना, पण ते पीठ आहे हे डोक्यातच येत नाही."

आत्या स्टुलावर बसली. आत्या दिवसा कधी बसत नाही. आईने बटणाला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने पेज मोरीत ओतली आणि नवीन भांड्यात तांदूळ धुवायला घेतले. मग तिने हात पुसले, खुंटीवरची पिशवी काढली, पिशवीतून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली कागदाची पुडी, आणि पुडी सगळ्यांसमोर उघडली.

"आता हेही बघून घ्या," ती म्हणाली. "मी रोज खाते. तपासणी होईपर्यंत खाणार आहे."

मला वाटलं, झालं, आता डबा उघडला. आत्याने पुडीकडे बघितलं, आईकडे बघितलं. एकदम तिच्यात जीव आला.

"म्हणजे खात होतीस!"

"हो, वन्सं. खात होते आणि पाजतही होते."

"मला वास येत होता! महिनाभर येत होता. मी म्हटलं, आपल्यालाच भास होतोय."

"मलाही आला होता," मी म्हणाले.

"तू गप."

बटण पुन्हा रडायला लागला. आई खुर्चीत बसली, आणि कुणाला काही न विचारता तिने त्याला अंगावर घेतला. तो धसमुसळेपणाने प्यायला लागला. आत्या ते बघत राहिली. मग तिने बाटली उचलली, उकळलेलं पाणी मोरीत ओतलं, आणि त्या डावाचे गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले.

"नवा आण," ती बाबांना म्हणाली. "दोन आण. आणि खळीची शेगडी आजपासून मागच्या अंगणात."

आता आत्या तांदळाची खळ करते. तिला ती आवडत नाही. "पातळ बसते, जीव नाही तिच्यात," असं ती रोज म्हणते, आणि तरीही गाळून घेते. भिंगरीची वाटी बंद. बोट चाटलं तर मुकुट जप्त, हा नियम मीच काढला. तिचं पोट उतरायला वेळ लागला, पण परवा ती दाबयंत्रावर चढली तेव्हा बाबा ओरडले, आणि ओरडताना त्यांना इतका आनंद झाला होता की भिंगरी खाली उतरेना. आईची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. बटण संध्याकाळी अजून रडतो. रडो बापडा.

आई आता टोस्ट घरातच खाते, खिडकीशी, वेगळ्या ताटलीत, बटण मांडीवर. आत्या ओला फडका घेऊन तिच्या डोक्यावर उभी असते.

"पडला. तिथे पडला एक कण."

"कुठे, वन्सं?"

"तुझ्या कोपराजवळ. थांब, हलू नकोस."

आणि डबा? तो अजून फळीवरच आहे. पण मधोमध नाही, जरा कडेला. सील तोडलेलं नाही, मी रोज शाळेतून आल्यावर बघते. आत्या म्हणते, घरात असावा एखादा, काय अडलं तुझं? अडलं काही नाही. मी फक्त बघते.